परत मागवलेली पत्रकं

माझे बाबा एकवीस वर्षं अंबरनाथच्या एका बिस्किट कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी म्हणजे लांबलचक ओव्हन. एका टोकाने कच्ची बिस्किटं पट्ट्यावरून आत जातात, दुसऱ्या टोकाने भाजून बाहेर पडतात. बाबा बाहेरच्या टोकाला उभे राहायचे आणि बिस्किटाचा रंग बघून सांगायचे, पट्टा हळू करा की जोरात. यंत्रावर आकडे दिसायचे, पण आकड्यांच्या आधी बाबांना कळायचं. बेलवलीत घरी आले की अंगाला लोण्याचा वास. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना असा वास येतो.

मी बारावीत असताना तो कारखाना बंद झाला. तोट्यात नव्हता. एका सोमवारी गेटवर इंग्रजी कागद लागला. खाली कंपनीच्या सर्वांत मोठ्या पदावरच्या बाईंची सही. बाबांनी फोटो काढून मला पाठवला आणि लगेच फोन केला, "वाच, काय लिवलंय?"

मी वाचला. "व्यवसायाच्या पुनर्रचनेचा भाग म्हणून" असं काहीतरी होतं. म्हटलं, "बाबा, बंद केला."

"त्या कळलं मना. का केला, त्या लिवलंय का?"

ते लिहिलं नव्हतं.

आता ह्या बाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे बाबांना एवढं का लागलं ते कळेल. कारखाना बंद व्हायच्या काही वर्षं आधी एका मालाच्या पुड्यावर शेंगदाण्याचा उल्लेख छापायचा राहिला होता. ज्यांना शेंगदाणा बाधतो त्यांच्यासाठी ही धोक्याची चूक. बाईंनी हुकूम सोडला, एकूण एक पुडा परत आला पाहिजे. कारखान्यातली माणसं टेम्पो घेऊन टपरी-टपरी फिरली. बाबा वांगणी, नेरळच्याही पुढे गेले होते. घरी येऊन ते आम्हाला अभिमानाने सांगायचे, कंपनी असावी तर अशी. म्हणून पुढे त्यांचा प्रश्न ठरून गेला. जेवताना, भांडताना, कुणाच्या लग्नात पंगतीत बसल्यावरसुद्धा तोच.

"येकेक पुडा हुडकून परत आनवला त्या बाईनं. मंग मानसं कशी टाकली?"

मी कॉलेजला उल्हासनगरला जायचे तेव्हाच पत्रकं लिहायला लागले. शेजारच्या कात्रपचे रस्ते, शाळेतली संडासं, पाण्याची वेळ. माझा नियम साधा आहे. एक पान, एक मागणी आणि जबाबदार कोण ते स्पष्ट. "संबंधितांनी लक्ष घालावे" असलं मी लिहीत नाही. संबंधित म्हणजे कोण? त्याला तोंड आहे ना? मग त्याला विचारा.

तर त्या बाई कंपनी सोडून राजकारणात उतरल्या. एका नव्या पक्षाने त्यांना आमच्याच भागातून लोकसभेला उभं केलं, कारण त्यांचं शिक्षण अंबरनाथच्या शाळेत झालेलं. चौकाचौकात बोर्ड लागले, "अनुभवी. कार्यक्षम. आपल्या." आपल्या! माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी मी पत्रक काढलं, "बाई, चालता कारखाना का बंद केला? एका वाक्यात सांगा." तीन दिवसांत अंबरनाथच्या प्रत्येक नाक्यावर ते पोचलं. चौथ्या दिवशी मला त्यांच्या कार्यालयातून बोलावणं आलं.

फर्निचरच्या दुकानावरचा मजला. बाईंच्या समोर माझं पत्रक, त्यावर लाल पेनाच्या खुणा.

"तिसऱ्या ओळीत चूक आहे," त्या म्हणाल्या. "तीन पाळ्या नव्हत्या. अडीच होत्या. तिसऱ्या पाळीला अर्धीच लाइन चालायची. बाकी बरोबर आहे."

मी भांडायच्या तयारीने गेले होते. "मग उत्तर द्या."

"देईन. पत्रकावर नाही. ज्याचा प्रश्न आहे त्याला देईन."

"प्रश्न माझ्या बाबांचा आहे."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "कुठल्या विभागात होते?"

"भट्टीवर."

"निवडणूक संपायच्या आत देईन," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तोवर माझी पत्रकं लिहिशील? माझ्याकडे लिहितात ते फार गुळगुळीत लिहितात."

मी हो म्हटलं. लोक म्हणाले विकली गेली. म्हणोत. मला त्या बाईंच्या जवळ राहायचं होतं, म्हणजे त्यांना निसटता येणार नाही. घरी सांगितलं तेव्हा बाबा ओट्यावर नखं कापत होते.

"तू तिच्याकडं कामाला लागलीस?"

"उत्तर घ्यायला लागले."

"उत्तर मना पायजे. तुना नाय."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. जे सांगायचं ते आईमार्फत. "तुझ्या लेकीला सांग, ताट वाढलंय." मी समोरच बसलेली असायचे.

बाईंची प्रचाराची पद्धत कंपनीची होती. सभा सहाला म्हणजे सहाला. कात्रपची पहिली सभा बरोबर सहाला सुरू झाली आणि समोर बारा खुर्च्या भरलेल्या. त्यातले चार आमचेच. "लोक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, सहाला पाणी येतं." दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर मतदारसंघातल्या सगळ्या गावांच्या पाण्याच्या वेळांचा तक्ता होता. कार्यकर्त्यांना त्यांना ताईसाहेब म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम म्हणा, नाहीतर नावाने हाक मारा." "नावाने? मॅडम, लोक मारतील आम्हाला."

मुख्य पत्रकाचा मजकूर मी लिहिला. चांगला लिहिला होता, आजही म्हणेन. रूप मात्र मुंबईच्या जाहिरात एजन्सीने ठरवलं. वरचा उजवा कोपरा तिरका कापायचा, म्हणजे कागद वेगळा दिसतो, हातात आल्यावर लक्षात राहतो.

छपाई उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये. प्रेसच्या वर जीन्स शिवायच्या मशिनी दिवसभर घरघरत असतात, त्यामुळे तिथे सगळं ओरडून बोलावं लागतं. प्रेसवाले सिंधी अंकल माझी पत्रकं पहिल्यापासून छापत आलेत. त्यांनी नमुना दोन्ही हातांनी धरला.

"बेटा, ये कोना कापायचा? पक्का?"

"अंकल, डिझाइन आहे ते."

"डिझाइन तो है. पण इलेक्शनचा कागद आहे. मॅडमला विचार ना एकदा."

"पाठवलंय. ओके आलंय."

ओके खरंच आलं होतं. बाई दिल्लीला पक्षाच्या बैठकीत होत्या, त्यांनी मोबाइलवर बघितलं. पांढऱ्या स्क्रीनवर पांढरा कागद, त्यात कापलेला कोपरा कसा दिसणार? पण अंकल समोर उभे राहून विचारत होते आणि मी एकदाही विचारलं नाही की, का? मला शुद्धलेखन तपासायचं होतं. मी नमुन्यावर सही केली. "कापा."

पहिला गठ्ठा बेलवलीचा. माझं गाव, म्हणून मी स्वतः चार मुलींना घेऊन सकाळी फिरले. दार बंद असेल तिथे कडीत अडकवून पुढे. दुपारी आत्याचा फोन.

"काय गो, कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं, आत्या."

"मंग कोपरा कापलेला कागद दाराला कशाला लावलास? आठ दिवसांवर लगीन हाय माज्या घरात! अक्कल हाय का नाय?"

मला खरंच कळलं नाही. आत्याने मग शिव्या घालत घालत समजावलं. पूर्वी कुणी वारल्याचं पत्र आलं की त्याचा कोपरा फाडलेला असायचा. हातात घेणाऱ्याला वाचायच्या आधीच समजायचं. असं पत्र उंबऱ्याच्या बाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही. आमच्या पिढीला कोण गेलं ते फोनवर कळतं. मी असलं पत्र जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मी स्वतःच्या गावात, सकाळच्या प्रहरी, घराघराच्या कडीला तसला कागद लावून आले होते. एकीची सून नववा महिना लागलेली, तिच्या दारालाही. काहींनी तो जाळला. काहींनी उंबऱ्यावर पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत विरोधकांनी मोबाइलवर फिरवलं, "पक्षाचं दहावं कधी आहे?"

कार्यालयात बैठक बसली. प्रचारप्रमुख म्हणाले, "एजन्सीवर ढकला. नाहीतर विरोधकांनी खोटी पत्रकं वाटली म्हणू." दुसरा म्हणाला, "चार दिवसांत विसरतात लोक." मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मला स्वतःचीच चीड आली होती.

बाई तेवढ्यात विमानतळावरून थेट आल्या. पत्रक उचललं आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. त्यांना काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला ते माहीत होतं.

"हे कोणी पास केलं?"

"मी," मी म्हटलं.

"आणि मी. ओके माझा होता." मग त्यांनी विचारलं, "कुठे कुठे गेलं?"

"सगळ्या बेलवलीत. बाकीचे गठ्ठे प्रेसमध्येच आहेत."

"परत मागवा."

प्रचारप्रमुख हसले. "मॅडम, हे काय बिस्किट आहे?"

"बिस्किट लोकांनी स्वतः विकत घेतलं होतं. हे आपण न विचारता त्यांच्या दाराला लावलं."

"ठीक आहे, पोरं पाठवतो."

"तेव्हाही मी माणसंच पाठवली होती," बाई म्हणाल्या. "आता मी जाते."

मतदानाला फारसे दिवस नव्हते. त्यातले दोन दिवस त्यांनी बेलवलीला दिले. घोषणा नाहीत, हार नाहीत, कॅमेरा नाही. पायी. प्रत्येक दारात एवढंच, "कालचा कागद आमच्या चुकीने आला. तो परत द्या आणि माफ करा." मत मागितलं नाही. मी मागे पिशवी घेऊन.

एक म्हातारी म्हणाली, "कागद जाळला मी. राख देऊ?"

"द्या," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

म्हातारी बघतच राहिली, मग खो खो हसली. "बस गो बाय. पानी पी आधी."

आत्याने त्यांना दारातच उभं करून सगळं बोलून घेतलं. खुर्ची दिली नाही. बाईंनी मान खाली घालून ऐकलं. शेवटी आत्याच दमली. म्हणाली, "लग्नाला ये आता. न्हायतर परत बोलंन."

नववा महिना लागलेल्या सुनेच्या घरी कुणी दार उघडलं नाही. बाई बाहेर थांबल्या, खिडकीतून कुणीतरी कागद टाकला, तो उचलून पुढे गेल्या. त्या घरी मी नंतर तीनदा गेले. मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. सासू अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

लोक गटाराचं सांगायला लागले, दवाखान्याचं, शाळेचं. बाई म्हणायच्या, "आज मी फक्त कागद न्यायला आलेय." तरी लोक सांगतच राहायचे. आश्वासन देत नाही म्हटल्यावर जास्तच सांगायचे.

आमचं घर गल्लीच्या टोकाला. मला वाटलं होतं, दमून त्या अलीकडूनच परत फिरतील.

"हे राहिलं," त्या म्हणाल्या.

"हे माझं आहे."

"मग इथे कागद नसेल."

"आहे. कडीला मीच लावला होता."

बाबा ओट्यावर बसले होते. कारखाना गेल्यापासून ते कात्रपला एका सोसायटीत वॉचमन आहेत, त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. कारखान्यात मोठी माणसं फेरीला आली की सगळे उभे राहायचे. बाबा उठले नाहीत.

"कागद तिथंच हाय," ते म्हणाले. "मी हात नाय लावला."

बाईंनी तो कडीतून काढून माझ्या पिशवीत टाकला. मग पुढे जायच्या ऐवजी त्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"तुमचा एक प्रश्न आहे माझ्याकडे."

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्यांच्याकडे. इतकी वर्षं पाठ केलेला प्रश्न त्यांनी टेम्पोपासून सुरू केला.

"पुडं परत आनवलंस, तवा मी टेम्पोवर होतो. नेरळच्या फुडं एका टपरीवाल्यानं अर्धा खाल्लेला पुडा दिला, तो पन आनला मी. मंग मानसं कशी टाकलीस?"

आमच्याकडे घरात मोठ्यांनाही अरे-तुरेच असतं. पण ह्या बाईंना बाबांनी स्वप्नातसुद्धा मॅडमशिवाय हाक मारली नसती. त्या दिवशी त्यांनी तू म्हटलं.

"कारखाना चांगला चालला होता," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या राज्यात सवलती मिळत होत्या आणि इथल्या जागेला भाव आला होता. कंपनीसमोर तो प्रस्ताव मी मांडला. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच मांडला, सही मीच केली. त्या कागदावर भट्ट्या किती ते होतं, भट्टीवर कोण ते नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सही करायला जड गेलं असतं, म्हणून नाही विचारलं."

आई दारात येऊन उभी राहिली होती. एवढंच? जागेला भाव आला म्हणून? मला ओरडायचं होतं, मी श्वासही घेतला.

बाबांनी हळूच विचारलं, "म्हंजे मालात खोट नव्हती?"

"नाही."

"भट्टीत? आमच्या पाळीत?"

"नाही. सगळ्या कारखान्यांत तुमची भट्टी सर्वांत चांगली होती. ते आकडे मी स्वतः बघायचे."

बाबा हातांकडे बघत बसले. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हा माणूस कशाला घाबरत होता. त्याला वाटत होतं की आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असेल. मी त्याच घरात राहत होते, जगाला प्रश्न विचारत फिरत होते आणि त्याला हे कधी विचारलं नव्हतं.

"मत नाय देनार मी तुना," बाबा शेवटी म्हणाले.

"नका देऊ."

"पन उत्तर दिलंस." मग माझ्याकडे वळून, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा, "उभी काय राहिलीस खांबासारखी? तिला पाट आन."

बाई निवडणूक हरल्या. प्रचारप्रमुख आजही म्हणतात, बेलवलीचे दोन दिवस वाया गेले. मला तसं वाटत नाही, पण मतमोजणीत माझ्या वाटण्याला जागा नसते. पक्षाने त्यांना नंतर राज्यसभेवर पाठवलं आणि पुढे पक्षाचं राष्ट्रीय अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आता त्या टीव्हीवर दिसतात, मागेपुढे गाड्या असतात. मला त्यांचं सगळं पटत नाही. त्यांच्या पक्षाने एका प्रकरणात तोंड शिवून घेतलं तेव्हा मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं, आणि अजूनही काढेन. बाबा म्हणतात, काढ. आम्ही आता बोलतो, भरपूर बोलतो.

मध्यंतरी त्यांनी खासदार म्हणून स्वतःचं एक खासगी विधेयक तयार केलं. चालता कारखाना बंद करायचा तर कंपनीने कामगारांसमोर येऊन, त्यांच्या भाषेत कारण सांगायचं. मसुदा घेऊन त्या अंबरनाथला आल्या. एका मंगल कार्यालयात दीडेकशे कामगार जमले. दिल्लीहून आलेल्या मराठी वकिलाने इंग्रजीत वाचलं, मी मराठीत सांगत गेले. "कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी उपस्थित राहील" असं एक कलम होतं.

बाबांनी हात वर केला. "प्रतिनिधी म्हंजे कोन?"

"म्हणजे कंपनीने नेमलेला कोणीही," वकील म्हणाला.

"वकील यील, वाचील, जाईल. ज्यानं सही केली तोच आला पायजे. आनि आमच्यात बसला पायजे. उभ्या उभ्या नाय."

वकिलाला हसू आवरेना. "बसण्याचं कायद्यात कसं लिहायचं?"

बाईंनी चष्मा काढला. "एकदा बसले होते मी. फार जड जातं." सगळं कार्यालय हसलं. "पहिली गोष्ट लिहा," त्या वकिलाला म्हणाल्या. "सही करणाराच येईल. दुसरीचं काय करता येतं ते बघू."

असली विधेयकं बहुतेक वेळा पडून राहतात, हे मला कुणी शिकवायला नको. हेही पडून आहे. पण मी त्याची मराठी प्रत छापली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गेटागेटावर वाटली. गेल्या महिन्यात एका पुठ्ठ्याच्या कारखान्यातले तिघे बेलवलीला आमच्या घरी आले. कारखाना हलवणार अशी कुजबुज आहे, पत्रक लिहून द्या म्हणाले. मी पेन घेतलं.

"पत्रक मागनं," बाबा म्हणाले. "आधी जाऊन इचारा तरी. चला, मी येतो."

गेटवर व्यवस्थापक बाहेर आला आणि ठरलेलं वाक्य बोलला, वरून आदेश आहे. बाबा म्हणाले, वरच्याला घेऊन ये, आम्ही गुरुवारी परत येतो. असा कुठलाही कायदा नाही, हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. तरी गुरुवारी पांढरी गाडी आली. आतून कंपनीचा संचालक उतरला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल. हातात फाइल. पाळी सुटलेली सगळी माणसं गेटसमोर रस्त्याच्या कडेला जमिनीवर बसली होती, पुढच्या रांगेत बाबा. संचालकाने खुर्ची दिसते का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची नव्हती. बाबांनी थोडं सरकून शेजारी जागा केली.

त्याने फाइल काखेत धरली, पँट गुडघ्याशी वर ओढली आणि खाली बसला.